मरणाची खबर वाहणाऱ्यांच्या मरणाची नोंद कोण घेणार?

गावगाड्यात मरणाची खबर पोहोचवण्याचे काम महाराचे होते. पाटलाच्या वाड्यात कुणी दगावले की रात्री-अपरात्री, चिखलपाण्यात, कोस दोन कोस पायी तुडवत सोयऱ्याधायऱ्यांना सांगावा द्यायचा, सरणाची लाकडे वाहायची आणि वतनाच्या नावाखाली भाकरतुकड्यावर समाधान मानायचे. ही वेठबिगारी मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. आमच्या वऱ्हाडातही अनेक गावांत कोतवालकी याच समाजाकडे होती. गावात कोण जन्मले, कोण मेले, ही बातमी कोतवाल वर पोहोचवायचा आणि त्यावरून सरकारदप्तरी नोंद व्हायची. म्हणजे दुसऱ्याच्या मरणाची वर्दी देण्यात आमच्या पिढ्यानपिढ्या गेल्या. परंतु आज त्याच समाजाच्या मजुराच्या मरणाची नोंद होते काय? झाली तर वेळेवर होते काय? आणि त्या नोंदीचा कागद त्याच्या विधवेच्या हातात पडतो काय? यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतून आमच्याकडे येणारी प्रकरणे पाहिली म्हणजे या प्रश्नांचे उत्तर समाधानकारक आहे असे म्हणता येत नाही.

मृत्यूचा दाखला ही क्षुल्लक बाब आहे, असे आपल्या कार्यकर्त्यांनाही वाटते. मोर्चा, धरणे, जयंती, स्मारक यांपुढे ग्रामपंचायतीच्या एका कागदाचे काय महत्त्व? पण हा कागद नसेल तर विधवेला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळत नाही. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात, ते मिळत नाहीत. बँकेतली चार पैशांची शिल्लक निघत नाही. खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापून घेणाऱ्या प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे दोन लाख मागता येत नाहीत. घरकुल, रेशनकार्ड, शेताचा तुकडा असेल तर वारसाचा फेरफार, मुलांची शिष्यवृत्ती, सगळीकडे पहिला प्रश्न एकच, दाखला आणला का? माणूस मेल्याचे सगळ्या गावाला ठाऊक असते. तेराव्याला गाव जेवून गेलेले असते. पण कागदावर तो जिवंत असतो आणि कागदावर जिवंत असलेल्या माणसाची बायको सरकारी हिशेबात विधवा ठरत नाही.

वास्तविक कायदा अगदी स्पष्ट आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने, दवाखान्यात झाला तर त्या दवाखान्याने निबंधकाला माहिती द्यायची. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्याला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात नगरपालिका. मुदत २१ दिवसांची. या मुदतीत खबर दिली तर एक पैसाही लागत नाही आणि खबर देणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रत मोफत द्यावी लागते. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. तिच्यानुसार नोंद झाल्यापासून सात दिवसांच्या आत दाखला देणे निबंधकावर बंधनकारक आहे. २१ दिवस उलटले तरी ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षभरापर्यंत ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की मग दंडाधिकाऱ्याचा आदेश. २१ दिवसांत जे काम फुकटात होते, तेच काम वर्षानंतर सहा महिन्यांच्या मजुरीला पडते. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक वर्षानंतर येतात, हीच खरी अडचण आहे.

ते उशिरा का येतात? अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु नोंद ही मृत्यू जिथे झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही, हा नियम किती जणांना कुणी समजावून सांगितला? पुसद, उमरखेड, महागावकडची माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. वणी-मारेगावची कुणी तेलंगणात, कुणी पुण्या-मुंबईला बांधकामावर असतात. तिकडे मृत्यू झाला, मुकादमाने गाडी करून दिली, प्रेत गावी आणून माती दिली. आता गावचा सचिव म्हणतो, मृत्यू आमच्या हद्दीत नाही. तिकडची ग्रामपंचायत म्हणते, आम्हाला कुणी कळवले नाही. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून नागपूरला किंवा सेवाग्रामला हलवलेला रुग्ण तिथे दगावला तर दाखला तिथलाच. आणि वाटेत गाडीतच गेला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली त्या ठिकाणी खबर द्यावी लागते. दुःखात बुडालेल्या माणसाला हे सुचणार कसे? रोजमजुरीवरच्या बाईला नागपूरचा एक हेलपाटा म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. असे तीन हेलपाटे झाले की ती नाद सोडून देते. तिने नाद सोडावा यासाठीच तर "साहेब मिटिंगला गेले", "सर्व्हर डाऊन आहे", "पुढच्या सोमवारी या" ही मंत्रावली तयार झालेली आहे.

दुसरा घोळ नावाचा. आमच्या समाजात हा विशेष आहे. वडिलांचे नाव कोतवाल बुकात एक, शाळेत दुसरे, धम्मदीक्षेनंतर लावलेले आडनाव तिसरे, आधार कार्डावर इंग्रजीतून मराठीत उलटे करताना झालेले चौथे. दाखल्यावर लिपिकाने घाईत लिहिलेले नाव बँकेच्या पुस्तकाशी जुळले नाही की दाखला असून नसल्यासारखा. म्हणून खबर देतानाच आधार, बँक पासबुक आणि सातबारा असल्यास सातबारा समोर ठेवून नाव लिहून घ्यावे आणि दाखला हातात पडताच खिडकीवरच वाचून पाहावा. चूक झालीच तर याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यासाठी दलाल लागत नाही.

मात्र यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत केवळ "मेला" एवढी नोंद पुरत नाही. तो कशाने मेला, हा इथला जीवनमरणाचा प्रश्न आहे. आणि नेमकी इथे एक कायदेशीर मेख आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण लिहून देता येत नाही. रजिस्टरमध्ये कारण असले तरी उताऱ्यात ते येत नाही. त्यामुळे ज्या मदतीसाठी कारण सिद्ध करायचे आहे, तिथे दाखला घेऊन गेलेल्या बाईला "यावर कारण कुठे आहे?" असे विचारून परत पाठवले जाते. कारणाचे कागद वेगळे असतात. ते म्हणजे डॉक्टरचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, पोलिसांची मर्ग खबर, घटनास्थळाचा व इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेरा ठेवला असेल तर रासायनिक विश्लेषणाचा अहवाल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दवाखान्याने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही मोफत द्यायची आहे. ती मागितल्याशिवाय प्रेत घेऊन बाहेर पडू नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

२०१७ सालची गोष्ट चळवळीने विसरता कामा नये. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आणि त्यानंतर कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात पडली, कित्येकांची नजर गेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. परंतु वर्तमानपत्रांनी ज्यांना सरसकट "शेतकरी" म्हटले, त्यांतले अनेक जण शेतकरी नव्हतेच. ते दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेऊन रोजाने फवारणी करणारे भूमिहीन मजूर होते. शेतकऱ्याच्या मरणाला सरकारी भाषेत निदान एक रकाना आहे. २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाख रुपये ठरले, ३० हजार रोख आणि ७० हजार पोस्टाच्या ठेवीत. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज हवे, ते थकलेले हवे. तेवढे करूनही कित्येक प्रकरणांवर "अपात्र" असा शेरा पडतो. २०२३ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. फवारणीतली विषबाधा तिच्यात बसते, परंतु लाभार्थी कोण? वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि बापाच्याही नावावर नव्हती, तो कुठे बसतो? विष तेच, शेत तेच, मरण तेच. पण सातबारा नाही म्हणून ते मरण योजनेबाहेरचे!

मग भूमिहीन मजुराला कायदाच नाही काय? आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतीकामात कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणाऱ्या मजुराचा स्पष्ट समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या कायद्यात भरपाईच्या दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. २०१७ मधल्या मृतांच्या किती वारसांनी हा दावा दोन वर्षांत दाखल केला? आमच्या पाहण्यात आलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांना असा कायदा आहे हेच माहीत नव्हते आणि माहीत असते तरी तो माणूस कोणाच्या शेतात, कोणत्या तारखेला, कोणते औषध फवारत होता, हे सांगणारा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. केसपेपरवर "अज्ञात विष" एवढेच लिहिलेले असेल तर वकिलाने लढायचे कशाच्या जोरावर?

कागदाचा जोर काय असतो हेही याच प्रकरणाने दाखवले. सप्टेंबर २०२० मध्ये पॅन इंडिया, स्वित्झर्लंडची पब्लिक आय आणि विषबाधित शेतकरी-मजुरांची इथली संघटना यांनी यवतमाळच्या पोलिसांचे अधिकृत कागद जगापुढे मांडले. सिंजेंटा या स्विस कंपनीच्या पोलो नावाच्या औषधाशी जोडलेली विषबाधेची ९६ प्रकरणे आणि त्यांत दोन मृत्यू त्या कागदांत नोंदलेले होते. २०२१ साली दोन मृतांच्या विधवा आणि एक वाचलेला पीडित यांच्या वतीने थेट बाझल शहरातल्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. कंपनीने आरोप नाकारले आणि न्यायालयात जे व्हायचे ते पुराव्यावर होईल. परंतु विचार करा. यवतमाळच्या एखाद्या ठाण्यात हवालदाराने लिहिलेली एक ओळ सातासमुद्रापार कोर्टात उभी राहते. ती ओळ लिहिली गेली नसती तर? आणि ज्यांच्या बाबतीत ती लिहिलीच गेली नाही, त्यांचे काय? म्हणून आम्ही म्हणतो की फवारणीत, विहिरीच्या कामात, विजेच्या तारेने, सर्पदंशाने किंवा रस्त्यावर कुणी मेले तर शवविच्छेदनाशिवाय माती देऊ नये. "देहाची चिरफाड कशाला" म्हणणारे गावपुढारी भेटतील. ज्याच्या शेतात माणूस मेला तो शेतमालकही गळ घालील, हातावर पाच हजार टेकवील. हे पाच हजार फार महाग पडतात.

कागद मिळवायचे कुठून? मर्ग प्रकरणातील पोलिसांचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जातो. म्हणजे ठाणेदार "फाईल सापडत नाही" म्हणाला तरी एक प्रत एसडीओ कार्यालयात असते. तिथे नकलेचा अर्ज करावा. तेही जमले नाही तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क माफ. दाखलाच अडवला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ वापरावा. मुदतीत सेवा न दिल्यास पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती होऊ शकते. आमचा अनुभव असा की अर्ज तोंडी असतो तोवर साहेब मिटिंगला असतात. लेखी अर्जाची पोच मागितली की साहेब खुर्चीवर सापडतात.

आता वर्षानंतरच्या नोंदीकडे वळू. ही परवानगी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने ती जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आली. गरिबाला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, असे वाटले होते. परंतु मालेगाव वगैरे ठिकाणच्या बोगस दाखल्यांचे आरोप गाजले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने उशिराचे जन्म-मृत्यू दाखले देणेच थांबवले. मार्च २०२५ मध्ये नवी कडक कार्यपद्धती आली. एवढा कडक बंदोबस्त झाल्यावर काय घडले? आमच्याच जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात, शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावात, ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी संगणकात आढळल्या! गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. दोषी कोण ते तपासात ठरेल. पण यातला विरोधाभास पाहा. जी माणसे त्या गावात जन्मलीच नाहीत त्यांच्या हजारो नोंदी एका बटणावर होतात आणि ज्याचे मरण सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिले, त्याच्या विधवेला पोलीस पाटलाचा दाखला, पंचनामा, जाहीर प्रगटन, साक्षीदार हे सगळे गोळा करत तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बनावट कागद करणाऱ्याला नियमांचा अडसर झाला नाही. अडसर झाला तो खऱ्या माणसाला. घोटाळा दलालांनी करायचा आणि त्याची शिक्षा भोगायची निरक्षर विधवेने, हा कुठला न्याय?

शेवटचा मुद्दा जुन्या नोंदींचा. मरणाची नोंद ही मेलेल्या माणसापुरती नसते, ती त्याच्या नातवाच्या कामाची असते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, जमीन नव्हती, मग पुरावा कोणता? अशा वेळी तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधले कोतवाल बुक कामास येते. जन्म-मृत्यूची तारीख, गाव, बापाचे नाव आणि जात, एवढे सगळे त्यात आहे. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावच नसते, अमक्यास मुलगा झाला एवढेच असते. त्यामुळे आजोबाच्या मृत्यूची नोंद अधिक उपयोगी पडते. स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुराव्यातील मोल जास्त, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आनंद विरुद्ध पडताळणी समिती या प्रकरणात सांगितले आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० साली मिळाल्या. परंतु त्यासाठी आपण मूळचे कोण, हे सिद्ध करणारा कागद बहुधा या बुकातच असतो. ज्या नोंदीत आपल्या आजोबाच्या नावापुढे जात लिहून त्याला खाली बसवले होते, तीच नोंद आज नातवाला महाविद्यालयाच्या दारातून आत नेते.

आणि ही बुके कशी ठेवली आहेत? कसर लागलेली, पाने सुटलेली, काही मोडी लिपीत. नक्कल मागितली की "रेकॉर्ड जीर्ण आहे", "वर्ष सापडत नाही" असा शेरा. हे अशक्य कोटीतले काम आहे काय? मुळीच नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा याच रेकॉर्ड रूम रात्रंदिवस उघड्या राहिल्या, मोडी वाचक बोलावले गेले, लाखो नोंदी शोधून काढल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. आम्हाला त्याबद्दल असूया नाही. ज्याचा कागद त्याला मिळालाच पाहिजे. आमची मागणी एवढीच की जे एका नोंदीसाठी झाले ते सर्वांसाठी व्हावे. कोतवाल बुकाचे प्रत्येक पान, जात न पाहता, स्कॅन करून गावनिहाय लोकांना उघडे करावे. एकाच वहीच्या एका ओळीसाठी मोडी वाचक येतो आणि दुसऱ्या ओळीसाठी "जीर्ण" असा शिक्का बसतो, हे समतेच्या राज्यघटनेत बसत नाही.

सरकारकडे मागण्या करू, त्यासाठी भांडू. परंतु काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. प्रत्येक वस्तीतल्या विहारात एक साधी वही ठेवावी. वस्तीत मृत्यू झाला की त्यात तारीख, ठिकाण, कारण, शेवटी उपचार करणारा दवाखाना आणि खबर कोणी, केव्हा दिली हे लिहावे. शिकलेल्या एका तरुणाने आणि एका ताईने हे काम अंगावर घ्यावे आणि पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत दाखला घरात आला की नाही, हे विचारावे. अंत्ययात्रेला शंभर माणसे येतात. त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन लेखी खबर द्यावी आणि पोच घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतल्या एकाला हा नियम पाठ करून द्यावा. वकील बांधवांनी महिन्यातला एक बाजारचा दिवस तहसील कार्यालयाबाहेर बसावे. ज्यांची नोंद वर्षापूर्वी राहून गेली, त्यांची यादी करून एकत्रित अर्ज एसडीओंकडे नेले तर एकट्या विधवेला जे दार बंद असते ते शंभर अर्जांपुढे उघडते.

बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्याच्या मरणाचा सांगावा वाहण्यातून सोडवले. आता आपल्या माणसाच्या मरणाची खबर आपणच, हक्काने आणि लेखी द्यायची आहे. २१ दिवसांची मुदत आहे. ती चुकवू नका आणि कुणाला चुकवू देऊ नका. जयभीम!